पहिल्या मुठेलाचा वसा

बायांनो, हातातलं काम ठेवा, भिरंडाईची कहाणी ऐका. खाडीकाठी एक आटपाट गाव होतं. तिथं कोंडाई नावाची म्हातारी राही. मुलगा धाकू, सून सगुणा. तिघंही मिठागरात राबत.

सगुणा डोंगरातली. माहेरी दारात भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, झाड होतं. वैशाखात आई फळं फोडी, बिया वाळवी, कुटी, पाण्यात कढवी. वर लोण्यासारखं पांढरं तेल येई. निवलं की आई ते मुठीत दाबून वळी, म्हणून त्याला म्हणायचं मुठेल. पहिली मूठ घरात ठेवायची नाही. ज्याचे पाय फुटलेत, त्याला आपल्या हातानं चोळायची. हा आईचा वसा, झाडातल्या भिरंडाईच्या नावाचा. लेक सासरी निघाली, तेव्हा तोच तिच्या ओटीत घातला.

सासरी वैशाख आला. सगुणा म्हणाली, "आत्याबाई, मुठेल कढवायला एक भांडं द्या." कोंडाई म्हणाली, "पायांना तेल चोळायला आपण काय राजाघरच्या? कामाला चल." दुसरा वैशाख गेला. तिसरा गेला. वसा राहिला. तिकडे आई वारली. सगुणा चुलीपुढं बसे, कढत्या बियांचा आंबूस वास आठवे, डोळे पुसून उठे.

मग काय झालं? खारानं कोंडाईच्या टाचा फाटल्या. हळद लावली, गुण येईना. मेण लावलं, गुण येईना. राख लावली, आग आणखी भडकली. तशात निरोप आला, डोंगरापलीकडे दिलेली लेक बाळंत झाली. बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला होता. कोंडाई उठली, दारापर्यंत गेली, मटकन बसली. "माझी पारू वाट बघत असेल गं," म्हणून रडू लागली.

सगुणाला राहवेना. तडक माहेरी गेली. झाड फळांनी लाल झालं होतं. बिया वाळवल्या, कुटल्या, आईच्या मडक्यात कढवल्या. तेल निघालं मूठभरच. इतक्यात एक म्हातारी आली. "बये, पायांची आग आग होते गं." सगुणाला पेच पडला. द्यावं, तर सासूला काय? न द्यावं, तर वसा मोडतो. मग ती खाली बसली, म्हातारीचे पाय मांडीवर घेतले, सारी मूठ चोळली.

म्हातारी म्हणाली, "इतकी वर्षं मला विसरलीस?"

"विसरले नाही, माये. भांडं मिळालं नाही."

म्हातारी हसली. "मडक्यात बघ." बघते तो मडकं काठोकाठ. मान वर करते तो म्हातारी नाही, झाड तेवढं हलतंय.

सगुणा घरी आली, सासूचे पाय मांडीवर घेतले. कोंडाईनं ते ओढून घेतले. "मी तुला साधं भांडं दिलं नाही गं."

"राहू द्या, आत्याबाई. पाय पुढं करा."

रोज चोळलं. आग निवाली, भेगा भरल्या. कोंडाई डोंगर चढून लेकीकडे गेली. नातवाला डोळे भरून पाहिलं. मग लेकीच्या टाचा दिसल्या, त्याही फुटलेल्या. कोंडाईनं कनवटीचा मुठेलाचा गोळा काढला, चोळू लागली.

पारू म्हणाली, "आई, हे कुठं शिकलीस?"

"तुझ्या वहिनीच्या आईचा वसा आहे हा. बाई आज असती, तर तिचेही पाय चोळले असते."

भिरंडाई जशी त्यांना पावली, तशी तुम्हांआम्हां ऐकणारणींना पावो. लांबची कहाणी जवळ आली, सुफळ होऊन पुरी झाली.