धूर पुरायची जागा

फार वर्षांमागे डोंगरांनी वेढलेलं एक राज्य होतं. राज्याचं पोट चुन्यावर चाले, त्यामुळे गावोगावी चुन्याच्या भट्ट्या धगधगत. पण त्यांच्या धुराने उन्हाळे दरसाल लांबत चालले होते. शेवटी एका कारागिराने असा रांजण घडवला, की भट्टीचा धूर त्यात अडकायचा आणि भात्याने दाबून जमिनीच्या पोटात सोडता यायचा.

राजा हरखला. "प्रत्येक भट्टीशेजारी एक रांजण, एक खड्डा! दसऱ्याच्या आत, साऱ्या राज्यात!"

खड्ड्यांसाठी भिवराला बोलावणं गेलं. भिवराचा जन्म विहिरी खणण्यात गेला होता. पण प्रश्न विचारल्याशिवाय ती कुदळ उचलत नसे.

"महाराज, आत घातलेला धूर आतच राहील कशावरून?"

प्रधान हसला. "भिवराबाई, पुरलेली वस्तू जाते कुठं?"

"पाणी जातं की. एका विहिरीतलं दुसरीत झिरपतं."

राजाला गंमत वाटली. त्याने एक खड्डा करून पाहायला महिनाभर दिला.

राजधानीजवळ खड्डा झाला. रोज धूर आत जाई आणि बाहेर काही दिसत नसे. सगळे खूश होते. भिवराला मात्र चैन पडेना. वाईट हवा डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यात दिवा विझतो, हे विहिरीत उतरणाऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती पेटता कंदील दोरीला बांधून आजूबाजूच्या घळींत सोडून बघू लागली. एकोणिसाव्या दिवशी खालच्या घळीत कंदील विझला. तिथेच एक करडू धापा टाकत पडलं होतं. श्वास रोखून तिने त्याला वर ओढलं. वरचा काळा खडक भेगाळलेला होता; पुरलेला धूर त्या भेगांतूनच झिरपत होता.

प्रधानाने तिला बाजूला घेतलं. "सातशे रांजण तयार आहेत. जमीन चांगली आहे, एवढंच म्हण. नाहीतर महाराज चिडून सगळे रांजण फोडून टाकतील."

भिवरा पेचात पडली. रांजण फुटले तर उन्हाळे लांबतच जाणार होते. गप्प राहावं, तर अशा सातशे घळी तयार होणार होत्या.

दरबारात ती म्हणाली, "महाराज, रांजण चांगला आहे. जागा वाईट आहे."

"मग चांगली जागा कुठं आहे?"

"ठाऊक नाही. पण शोधावीशी फार वाटते."

'ठाऊक नाही' हे शब्द त्या दरबारात कित्येक वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. राजा स्वतः घळीशी गेला. त्याने तीनदा कंदील सोडला, तीनदा तो विझला. मग त्याने खड्डा बंद करवला, पण रांजण जपून ठेवले.

भिवरा दोन वर्षं राज्य हिंडली. गावोगावच्या विहीरवाल्यांना विचारत गेली, की खाली काय लागतं? अखेर पूर्वेला, जाड चिकणमातीखाली वाळूचा खोल खडक सापडला. त्यात धूर मावला असता आणि वरची माती झाकणासारखी बसली असती.

पण वर गाव होतं. तिथली म्हातारी पाटलीण म्हणाली, "भट्ट्या तुमच्या, आणि धूर आमच्या पायाखाली?"

प्रधानाने गावाला न विचारताच काम सुरू करायचा हुकूम काढला. भिवराने त्याला थांबवलं आणि ओट्यावर बसून करडाची गोष्ट काहीही न लपवता सांगितली.

पाटलीण म्हणाली, "पहारा आमची माणसं ठेवतील. धोका दिसला की काम बंद. तुमच्या राजालाही विचारणार नाही."

राजाने त्यावर शिक्का मारला.

मग भट्ट्यांपासून तिथवर भाजक्या मातीचे नळ टाकले गेले. आधी जवळच्या भट्ट्या जोडल्या, मग लांबच्या. जिथून नळ नेताच येईना, तिथल्या भट्ट्या कमी करून लोकांना दुसरं काम दिलं. दसरे आले नि गेले. नळाचे दोन सांधे गळले, तेव्हा पहारेकऱ्यांनी काम थांबवलं आणि सांधे नव्याने बसवून घेतले.

पहिला नळ टाकल्यापासून अकराव्या वर्षी उन्हाळा लांबायचा थांबला.

प्रधान धावत सांगायला आला. भिवरा खुदकन हसली आणि म्हणाली, "थांबला ना? आता तो कमी कसा होईल, ते बघू या."

तात्पर्य एवढंच: साऱ्यांच्या भल्याचं काम असलं, तरी आधी जमिनीला विचारावं, मग तिच्यावर राहणाऱ्यांना, आणि मगच दिवस ठरवावा.