खडकुंब्याचं निळं अंडं

हे डालं उचलून बघा. कोंबडी चरायला गेलीय, टोचणार नाही. दिसली अंडी? पाऊस उघडल्यावर डोंगरामागं आभाळाचा जो तुकडा मोकळा होतो, त्या रंगाची. ओलं बोट फिरवून बघा, रंग निघायचा नाही. फोडलंत तर कवच आतूनसुद्धा निळंच. ओढ्यापलीकडच्या गावातल्या कोंबड्या पांढरी अंडी देतात, आमच्या खडकुंब्यातल्या मात्र निळी. असं का, ते जुनी माणसं सांगत आली तसं तुम्हाला सांगतो.

वर कातळात पाण्याचं टाकं आहे. त्याच्या काठावर टाकाई. मूर्ती नाही, नुसता शेंदूर लावलेला धोंडा. दर आखाडात तिला कोंबडं द्यायची रीत होती. रीत मोडली तर आई पोराबाळांवर कोपते, अशी समजूत.

एका साली म्हणे कोंबड्यांवर मर आली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान वाकडी करून पडायची. खुराडी ओस पडली. कोंबडा आरवायचा थांबला, तशी गावाला पहाटच कळेनाशी झाली. साऱ्या गावात एक कोंबडी जगली. येसूची. ठिपक्याठिपक्यांची होती म्हणून तिला कवडी म्हणत.

येसू म्हणजे भगत हैबतीची बायको. टाकाईपुढं विळा चालवायचा मान हैबतीचा. आखाड आला तसं गाव त्याच्या अंगणात जमलं. सगळ्यांपुढं होती भिवरा. तिच्या लेकराला तापानं घेरलं होतं.

भिवरा म्हणाली, "भगता, आईचं देणं राहिलंय. कोंबडी तुझ्याच घरात आहे. माझं पोर जाईल रे!"

हैबतीनं बायकोकडं बघितलं. येसू म्हणाली, "हिला कापलीत तर गावातलं बीजच बुडंल. मग पुढल्या आखाडाला काय द्याल?"

"पुढचं पुढं," हैबती म्हणाला. "आज माझ्यानं नाही म्हणवत नाही, येसू."

येसूनं कवडीला कुणाच्या हाती दिलं नाही. स्वतःच पदराखाली घेऊन डोंगर चढली. टाक्यापाशी तिनं धोंड्यावर डोकं टेकलं आणि सगळ्यांदेखत नवस बोलली: "आई, हिला माझ्यापाशी राहू दे. हिच्या वंशातलं एकही पिल्लू मी आपल्या खुराड्यात ठेवणार नाही. आधी दुसऱ्याचं दार भरीन. माझ्या दारी येईल ते दुसऱ्यानं दिलेलंच येईल."

आता रीत अशी, की कोंबडीपुढं तांदूळ टाकायचे. तिनं दाणा टिपला की आईनं बळी पत्करला, मगच विळा. कोंबडी कुठली दाणा सोडते? हैबतीनं चिमूटभर तांदूळ टाकले आणि विळा उचलला.

कवडीनं दाण्यांकडं बघितलं. टिपलं नाही.

पुन्हा टाकले. दाणे तिच्या पायांवर पडले, तरी तिनं मान खाली घातली नाही. सकाळपासूनची उपाशी कोंबडी ती! उन्हं कलली. हैबतीचा हात भरून आला, पण विळा खाली ठेवायची हिंमत होईना. मग कवडी हळूच चालत धोंड्यापाशी गेली, पंख सैल सोडून बसली. बराच वेळ बसली. उठली तेव्हा शेंदराजवळ अंडं होतं. टाक्यातलं पाणी गोठून त्याचं अंडं झालं असावं, तसं निळं.

असं अंडं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. माणसं दोन पावलं मागं सरली. भिवरा तेवढी पुढं आली. तिनं अंड्याला हात लावला नाही, वाकून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "भगता, आईनं घेतलं नाही. दिलंय."

हैबतीनं विळा टाक्यात सोडला. तो बुडाल्याचा आवाज खालच्या शेतातल्या माणसांनाही ऐकू गेला म्हणतात. भिवराच्या पोराचा ताप पुढं आपसूक उतरला.

त्यानंतर रोज सकाळी डोंगरातला रानकोंबडा येसूच्या अंगणात उतरू लागला. माणसाची सावली पाहून पळणारं ते पाखरू, पण कवडीशेजारी निवांत चरायचं. कवडी खुडूक झाली, निळ्या अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली. ती वाढून तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या, झाल्या. येसूनं नवसाप्रमाणं एकेक तलंग एकेका दारी पोचवली, आणि तिथं त्याही निळीच अंडी देऊ लागल्या.

पुढं कवडी म्हातारी होऊन मेली. येसूचं खुराडं रिकामं झालं. हैबती म्हणाला, "एक तरी ठेवायची होतीस गं."

येसू म्हणाली, "शब्द आईला दिलाय. तुमच्यासमोरच दिलाय." आणि ती रिकामं खुराडं शेणानं सारवत राहिली.

असे कित्येक महिने गेले. एका सकाळी भिवरा आली. बोटाला धरलेलं पोर, काखेत ठिपक्यांची तलंग. "मीच तुझी कोंबडी कापा म्हणाले होते," ती म्हणाली. "घे, येसू." येसूनं तलंग घेतली आणि भिवराला उंबऱ्याच्या आत ओढलं. दोघी किती तरी वेळ रडल्या म्हणे.

तेव्हापासून टाकाईला रक्त नाही. आजही आखाडात कोंबडी वर नेतात, तिच्यापुढं तांदूळ टाकतात. टिपो न टिपो, तिला सुखरूप घरी आणतात. आणि आपल्या घरच्या अंड्यांची पिल्लं आपल्याच खुराड्यात इथं कुणी वाढवत नाही; अंडी शेजारी बसवायची, शेजाऱ्यांची आपण बसवायची. गेल्या साली माझ्या खुराड्यात मुंगूस शिरलं. एक पाखरू वाचलं नाही. मी कुणाला सांगितलंही नव्हतं. सकाळी दार उघडलं तर अंगणात डाली पालथी घातलेली, आणि प्रत्येक डाल्याखाली कुणीतरी कुरकुरतंय. कुणी ठेवली, ते आजही मला माहीत नाही. इथं तसं विचारतही नाहीत.