लाकडी हत्तीची सोंड

वस्तू बोलायच्या आणि माणसं ऐकायची, तेव्हाची गोष्ट. एका बालवाडीत झुरळं माजली. औषधाचा पंप फडताळावरून गुरगुरला, "सरूताई, माझं औषध फवारा. एक उरणार नाही!"

पोरांना शिकवणाऱ्या सरूताईंनी पंप उचलला. तेवढ्यात टोपलीतला लाकडी हत्ती म्हणाला, "ताई, आधी माझी सोंड बघा."

सोंडेवर इवल्या दातांच्या खुणा होत्या. पोरं आली की आधी तीच चघळायची.

"मग झुरळांना काय पोसायचं?" पंप चिडला.

"पोसतोयच की आपण! ताई, सतरंजी उचला बरं."

सतरंजीखाली खिचडीची शितं वाळली होती. ताई ओशाळल्या. त्यांनी जमीन पुसली, मोरीकडची फट बुजवली आणि रोज सतरंजी झटकू लागल्या. हळूहळू झुरळं उपाशी निघून गेली.

पंप फडताळावर भरलेलाच राहिला. हत्तीची सोंड मात्र पोरांनी चघळून चघळून निम्मी केली.