सहा क्लोरीन आणि एक सोडियम

फार जुन्या काळी खाडीच्या पाण्यात सोडियमचा एक कण राहत होता. आपला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन त्याने एका क्लोरीनला देऊन टाकला होता, आणि तेव्हापासून त्याचा जीव तिच्यात अडकला होता. पण पाण्याचे कण त्याला चहूबाजूंनी वेढून असत, त्यामुळे तिच्याजवळ जाणे जमेना. हळूहळू ती नजरेआड झाली.

एके वर्षी भरतीने त्याला मिठागरात आणून सोडले. उन्हाने पाणी आटले आणि सहा क्लोरीन त्याच्या सहा अंगांना येऊन बसल्या.

“माझा इलेक्ट्रॉन तुमच्यापैकी कोणाकडे आहे?” त्याने आशेने विचारले.

“इलेक्ट्रॉनवर नाव नसतं, दादा,” खालची म्हणाली. “आमच्याकडे कोणाचा आहे, ते आम्हालाच ठाऊक नाही.”

त्याला आपल्या त्या क्लोरीनच्या शोधात पुढे जायचे होते, पण सहाही जणींची ओढ सारखीच होती. तो जागच्या जागी थरथरत राहिला. त्यांच्या पलीकडे दुसरे सोडियम दिसत होते, तेही हाच प्रश्न विचारत होते.

बऱ्याच वेळाने समोरची क्लोरीन हळूच म्हणाली, “मला ज्याने दिला, तोही असाच शोधत असेल का हो?”

“असेल,” सोडियम म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिले.