राखोजी करकोच्याची शेपटी

माणसांनी अजून सिंहासनं घडवली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करकोच्यांच्या थव्यात एक रीत होती. जो पुढे असेल तो वारा कापायचा, पंख दमले की मागे यायचा आणि मागचा त्याच्या जागी जायचा.

राखोजी पुढे असताना वादळ आलं. त्याने सगळ्यांना सुखरूप तळ्यावर उतरवलं. तेव्हापासून थवा म्हणू लागला, "दादा, पुढे तुम्हीच!" त्याच्या मागे उडणारी चंदेरी दरवर्षी म्हणायची, "दादा, आता मला येऊ द्या पुढे." तो म्हणायचा, "तुला हा वारा सोसायचा नाही गं." त्यात माया होती, पुढे राहण्याची थोडी हावही होती. चंदेरी म्हातारी झाली आणि एका हिवाळ्यात गेली.

पुढे राखोजीची नजर अधू झाली. डोंगरांवर येताच तो ओरडला, "कुणीतरी पुढे या रे!"

कुणीच हललं नाही. "दादा, आम्हाला तुमची शेपटी तेवढी ओळखता येते," एक जण म्हणाला. "डोंगर आम्ही कधी बघितलेच नाहीत."

दमलेला थवा कोरड्या माळावर उतरला. तळं कुठेच नव्हतं. तरी सवयीने सगळ्यांनी राखोजीचा जयजयकार केला. त्या गलक्यात तो मान उंचावून एकच आवाज शोधत राहिला, "दादा, आता मला येऊ द्या पुढे."