पळीचा धाक

भांडी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका स्वयंपाकघरात एक पळी होती. आपल्यावाचून घरातलं पान हलत नाही, अशी तिची पक्की समजूत.

एकदा सणाला श्रीखंड करायचं ठरलं. सकाळीच गाडग्यातल्या कोमट दुधात विरजण पडलं, वर झाकण बसलं. घटकाभरानं पळी आत शिरली. "काय रे, कुठवर आलं?" म्हणत तिनं दूध ढवळलं. पुन्हा घटकाभरानं तेच.

विरजण काकुळतीला आलं. "पळीबाई, जरा निवांत पडू द्या हो. दही आपसूक लागतं."

"आपसूक? मग मी कशाला आहे?" पळीनं आणखी एक फेरी मारली.

दही काही लागलं नाही. सण श्रीखंडावाचून गेला आणि पळीनं खापर दुधावर फोडलं.

पुढच्या खेपेला पळी कपाटामागे पडली, ती दिवसभर तिथंच अडकली. संध्याकाळी बाहेर निघून पाहते तो काय, गाडगं उपडं केलं तरी सांडणार नाही असं घट्ट दही!

"बघितलंत?" पळी ठसक्यात म्हणाली. "माझा धाक कपाटामागूनसुद्धा चालतो!"

गाडगं हसू दाबत म्हणालं, "मग बाई, यापुढे तिथूनच ठेवत जा."