भोवऱ्याची दोरी

“…पण मग जनुक बोलत का नाही, बाई?”

श्रीरंग ढमढेरेनं हा प्रश्न विचारला खरा, पण उत्तर आपल्यालाच ठाऊक असल्याच्या थाटात. आत मात्र तो पार घाबरला होता. उद्या पीएच.डी.च्या समितीपुढे उभं राहायचं होतं. जनुक चालू नाही असं कळलं, की एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

दमयंती खांबेटेबाई आपल्या खोलीत चहा गाळत होत्या.

“तू काय केलंस?”

“पेशीत डीएनएचा धागा प्रथिनांच्या मण्यांभोवती गुंडाळलेला असतो. तो कुठं घट्ट बसेल, कुठं नाही, हे त्याच्या अक्षरांच्या क्रमावर…”

“हे मीच शिकवलंय तुला. तू काय केलंस?”

“जनुकाच्या तोंडाशी, जिथं धरून पेशी ते वाचायला लागते तिथंच, एकाच अक्षराची ओळ होती. ए, ए, ए, ए… नुसती ताठ. वाकायला तयार नाही, त्यामुळे तिथं मणी बसेना. दोषच तो! मी ती ओळ काढली आणि चांगली लवचीक अक्षरं घातली. आता मणी असा बसलाय, की जागचा हलत नाही.”

“आणि जनुक?”

“गप्प.” त्यानं हात झटकले. “ज्या यीस्टमध्ये ते घातलं, ते यीस्टच खराब निघालं असणार.”

बाईंनी गाळणं बाजूला ठेवलं.

त्यांच्या टेबलावर एक लाकडी भोवरा असे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे. त्यांनी तो दोरीसकट श्रीरंगपुढे सरकवला.

“गुंडाळ. तुझ्या डीएनएसारखी.”

श्रीरंग हसला. लहानपणी भोवऱ्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. त्यानं दोरी ताणून, वेढ्याला वेढा भिडवत गुंडाळली. शेवटचा पेरभर तुकडा उरला, तोही त्यानं मोकळा सोडला नाही. वेढ्यांखाली नीट खोचून टाकला.

“आता सुटायची नाही,” तो म्हणाला.

“झकास. फिरव.”

त्यानं हात उचलला. बोटं दोरीवरून फिरली… पुन्हा एकदा फिरली.

“बाई…”

“हं.”

“धरायला टोकच नाही.”

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

“मग म्हण की, भोवराच खराब निघाला.”